अर्धा मनोरा

जुन्या गोव्यात बॉम जेझू बॅसिलिकेच्या पश्चिमेला एक चढ लागतो. टेकडीचे नाव मोंते सांतो, म्हणजे पवित्र टेकडी. चढ संपतो तिथे जांभ्या दगडाचा एक मनोरा आहे. उंची सुमारे ४६ मीटर. एकट्याने उभा राहण्यासाठी तो बांधलेला नव्हता. चर्चच्या दर्शनी भिंतीचा तो एक काठ. भिंत पडली, काठ राहिला. काठाचाही अर्धा भाग पडला आहे.

चर्चचे नाव नोसा सेन्योरा द ग्रासा, कृपेची माता. हे नाव आता कागदावर आढळते. बोलण्यात सांत आगोस्तिन. चर्च ज्या पंथाचे होते, त्याच्या संताचे हे नाव.

ऑगस्टिनियन पाद्री १५७२ मध्ये गोव्यात आले. चर्चचे बांधकाम १५९७ मध्ये सुरू झाले आणि १६०२ मध्ये पुरे झाले. लागूनच मठ होता. आत पाद्र्यांच्या खोल्या, ओवऱ्या, जेवणघर, सभागृह. आज यातले काय कुठे होते ते जोत्यावरून ओळखावे लागते. काही भिंती कमरेइतक्या आहेत, काही गुडघ्याइतक्या.

यान हुइखेन फान लिन्सखोतेन या डच माणसाने गोव्यात पाच-सहा वर्षे काढली. त्याच्या १५९६ मध्ये छापलेल्या पुस्तकात गोवा शहराचा मोठा नकाशा आहे. रस्ते, बाजार, चर्च, नदीतली गलबते, सगळे त्यात आहे. हा मनोरा त्यात नाही. त्याचा पाया अजून खणायचा होता. आज नकाशातले बहुतेक शहर नाही आणि मनोरा आहे.

मनोरा आता तांबूस-काळा दिसतो. हा त्याचा मूळ रंग नव्हे. जांभ्याचे चिरे उघडे ठेवायचे नसतात. दगड सच्छिद्र असतो. पाणी आत शिरते, कण सुटतात, कडा गोल होतात. म्हणून वरून चुन्याचा गिलावा द्यायचा. हा चुना शिंपले भाजून केला जाई. पावसाळा सरला की भिंती पुन्हा पांढऱ्या करायच्या. गोव्यातल्या नांदत्या चर्चमध्ये हे काम अजून चालते. इथे ते १८३५ मध्ये थांबले.

खाली बॉम जेझूचा गिलावा १९५० च्या दशकात मुद्दाम उतरवण्यात आला. वास्तू प्राचीन दिसावी हा हेतू. तेव्हापासून सुमारे सत्तर पावसाळे तिच्या उघड्या चिऱ्यांवर पडले. ते काम चुकीचे होते. आता लाल दगड हाच तिचा रंग समजला जातो. चित्रांत, पोस्टकार्डांवर ती लालच असते. समोरचे से कॅथीड्रल पांढरे आहे.

सांत आगोस्तिनच्या आत आठ चॅपले आणि चार वेद्या होत्या. वर दगडी घुमट-छत. भिंतींच्या खालच्या अंगाला आझुलेजो, म्हणजे झिलईच्या रंगीत फरशा. काही कोनाड्यांत त्यांचे तुकडे अजून चिकटलेले आहेत. निळा रंग टिकला आहे. पिवळाही थोडा आहे. नक्षीचा एक कोपरा दिसतो, पुढचा तुकडा नसतो. छत नसल्यामुळे या फरशांवर आता ऊन पडते. त्या उन्हासाठी बनवलेल्या नव्हत्या.

मठाचा दिवस घंटेवर चाले. पहाटेची प्रार्थना, सकाळची, दुपारची, दिवेलागणीची, निजण्याआधीची. गाणारे दोन रांगांत समोरासमोर बसत. एका रांगेने ओळ म्हणायची, दुसरीने पुढची. भाषा लॅटिन. २३० हून अधिक वर्षे या टेकडीवर हे चालले.

मे १८३४ मध्ये पोर्तुगालमध्ये धार्मिक पंथांचे मठ बंद करण्याचा हुकूम निघाला. राजधानीत उदारमतवादी पक्ष सत्तेवर आला होता. हुकूम १८३५ मध्ये गोव्यात लागू झाला. पुरुषांचे सगळे मठ बंद झाले. मालमत्ता सरकारजमा झाली. पाद्री टेकडी उतरून गेले. मठांच्या संग्रहांतली काही पुस्तके पणजीच्या सार्वजनिक ग्रंथालयात पोचली. ते ग्रंथालय १८३२ मध्ये सुरू झाले होते.

इमारत मोकळी राहिली. मोकळ्या इमारतीत आधी कौले सरकतात. सरकलेले कौल बसवायला माणूस लागतो.

सात वर्षांनी, १८४२ मध्ये, छत कोसळले. मुख्य वेदी त्याखाली गाडली गेली.

घंटा त्याआधीच खाली उतरवली होती. ती आग्वादच्या किल्ल्यावर नेली, दीपगृहापाशी. तिथे ती जहाजांसाठी वाजे. १८७१ मध्ये ती पणजीच्या चर्चला दिली. नागमोडी पायऱ्यांचे जे पांढरे चर्च चित्रपटांत दिसते, त्याच्या माथ्यावरच्या कमानीत ती आहे. गोव्यातल्या घंटांत आकाराने दुसरी. पहिली से कॅथीड्रलची, जिला सोन्याची घंटा म्हणतात. पणजीत खालच्या चौकात उभ्या असलेल्यांना घंटा दिसते. ती कुठून आली हे तिच्याखाली लिहिलेले नाही.

वसईच्या चर्चमधल्या घंटाही अशाच विखुरल्या. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. त्यानंतर तिथल्या घंटा देवळांत गेल्या. एक भीमाशंकरला आहे, एक मेणवलीला, एक नाशिकच्या नारोशंकर मंदिरात. वसईच्या किल्ल्यातले घंटेचे मनोरे रिकामे आहेत.

छत पडल्यावरही दर्शनी भिंत जवळजवळ नव्वद वर्षे उभी होती. जुन्या छायाचित्रांत ती दिसते. दोन्ही बाजूंना दोन मनोरे, मधे खिडक्यांच्या रांगा. खिडक्यांच्या मागे काही नाही, नुसता उजेड. १९३१ मध्ये ही भिंत आणि मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. १९३८ मध्ये आणखी काही भाग पडला. आज जे उभे आहे ते त्यानंतरचे.

टेकडीवर हे चर्च एकटे नव्हते. जेझुइटांचे नवे सेंट पॉल कॉलेज याच टेकडीवर होते. आज ते नाही. जुने सेंट पॉल खाली शहरात होते. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये त्या जुन्या कॉलेजात बसला. त्याची एक दर्शनी कमान उरली आहे. कमानीमागे झाडे आहेत. छपाईचा उद्योग पुढे रायतूरलाही गेला. १६१६ मध्ये तिथे फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ निघाले. मराठी ओव्या, रोमन अक्षरे. १६४९ आणि १६५४ मध्ये ते पुन्हा छापले गेले. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ हस्तलिखितांमुळे वाचला.

सांत आगोस्तिनसमोर संत मोनिकाचा मठ आहे. तो जोगिणींचा. १६०६ मध्ये काम सुरू झाले, १६२७ मध्ये संपले. आशियातला हा सर्वांत मोठा जोगिणींचा मठ समजला जाई. १८३५ मध्ये हुकूम लागू झाल्यावर नव्या जोगिणी घ्यायला बंदी आली. आत असलेल्यांना राहू दिले. त्या एकेक करून गेल्या. शेवटची १८८५ मध्ये वारली. एवढ्या मोठ्या वास्तूत शेवटची काही वर्षे किती दरवाजे उघडले जात असतील, त्याची नोंद कुठे नाही. पुढे तिथे काही काळ सैनिक राहिले. आता एका भागात ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. जोगिणींनी वापरलेल्या वस्तू ज्या प्रकारच्या असत, तशा वस्तू तिथे काचेआड ठेवलेल्या आहेत.

जवळच संत अँथनीचे चॅपल आहे. तेही १८३५ मध्ये बंद झाले. १८९४ मध्ये पुन्हा उघडले. इथल्या संताच्या मूर्तीला पोर्तुगीज सैन्यात कप्तानाचा हुद्दा होता. वर्षातून एकदा मिरवणुकीने नेऊन तिचा पगार उचलला जाई. हुद्दा गेला, पगार थांबला. मूर्तीची पूजा चालू आहे.

टेकडीच्या टोकाला रोझरी चर्च आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यावर बांधलेले. ते शाबूत आहे. तिथे सहसा कोणी नसते.

खालचे शहर आधीच रिकामे होत होते. पटकी, हिवताप, दुसरे ताप वारंवार येत. विहिरींचे पाणी वाईट झाले होते. व्हाइसरॉय १६९५ मध्ये पणेलीला राहायला गेला, १७५९ मध्ये पणजीला. १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. नव्या शहराला दगड हवा होता. जुन्या शहरात घडवलेला, तासलेला दगड तयार होता. तो होड्यांत घालून मांडवीतून खाली नेला. व्हाइसरॉयच्या वाड्याची कमान राहिली, वाडा गेला. इन्क्विझिशन १८१२ मध्ये बंद झाले. त्याची इमारतही पाडली. डोमिनिकनांचे चर्च गेले. राजाचे इस्पितळ गेले. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंच खलाशी पिरार द लाव्हाल याने तिथे उपचार घेतले होते. रोग्यांना चांदीच्या ताटात जेवण मिळते, असे त्याने लिहून ठेवले. रुआ दिरैता, म्हणजे सरळ रस्ता, हा शहराचा मुख्य बाजार होता. घोडे, कापड, जवाहीर आणि माणसे तिथे विकली जात. आता त्या जागी माडांमधून जाणारी वाट आहे.

से कॅथीड्रलला दोन मनोरे होते. उत्तरेकडचा १७७६ मध्ये पडला. तो परत बांधला नाही. दर्शनी बाजू तेव्हापासून एकांगी आहे. डोळ्यांना त्याची सवय झाली आहे.

या सगळ्याआधीही इथे काही होते. गावाचे नाव एला. संत कजेतानच्या चर्चजवळ काळ्या दगडाची एक चौकट उभी आहे. ती आदिलशाही वाड्याची असे सांगतात. तिच्या दोन्ही बाजूंना भिंत नाही. नदीपलीकडे दिवाडी बेटावर सप्तकोटेश्वराचे देऊळ होते. पोर्तुगीजांनी ते सोळाव्या शतकात पाडले. लिंग नदीपार नार्व्याला नेले गेले. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी नार्व्याचे देऊळ नव्याने बांधवले. दिवाडीवर देवळाच्या तळीचे अवशेष आहेत.

नोव्हेंबर १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने जुवे बेट घेतले. बेट जुन्या गोव्याच्या अगदी जवळ आहे. मधे फक्त पाणी. व्हाइसरॉयने बॉम जेझूमध्ये जाऊन आपला अधिकारदंड संत फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीत ठेवला. हा मनोरा तेव्हा ८१ वर्षांचा होता. गिलावा पांढरा होता. घंटा जागेवर होती.

भग्न मठात सर्वांत अधिक शोध एका खिडकीचा झाला.

जॉर्जियातल्या काखेती राज्याची केतेवान ही राणी. इराणच्या शाह अब्बासने तिला सुमारे दहा वर्षे कैदेत ठेवले. धर्म बदलायला सांगितले. तिने नकार दिला. सप्टेंबर १६२४ मध्ये शिराझला तिला हाल करून मारण्यात आले. शिराझमध्ये तेव्हा ऑगस्टिनियन पाद्री होते. त्यांनी तिचे अवशेष मिळवले. त्यातला काही भाग १६२७ मध्ये गोव्यात, या मठात आला. तो दगडी पेटीत ठेवला. पेटी कुठे ठेवली ते पोर्तुगीज कागदपत्रांत लिहिलेले आहे: सभागृहाच्या चॅपलमध्ये, एका बाजूच्या दुसऱ्या खिडकीत.

लिहिणाऱ्याने पत्ता नेमका दिला होता. खिडकी दुसरी, बाजू ठरलेली. पण खिडकी भिंतीत असते. भिंत पडली होती. सभागृह कोणते ते कळत नव्हते. वर चिऱ्यांचे ढीग, ढिगांवर माती, मातीवर रान. जॉर्जियाहून माणसे आली, शोधून परत गेली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने ढिगारे वर्षानुवर्षे बाजूला केले. आधी जोती मिळाली. जोत्यांवरून खोल्या लावल्या. खोल्यांवरून सभागृह लागले. मग खिडक्या कुठे असतील ते मोजले. २००४ च्या सुमारास तिथे हाताच्या हाडाचा तुकडा मिळाला.

हाडाची तपासणी हैदराबादच्या पेशी व रेणू जीवशास्त्र केंद्रात झाली. आईकडून येणारी जी वंशरेषा त्यात निघाली, ती भारतातल्या हजारो नमुन्यांत आढळली नव्हती. जॉर्जियात ती आढळते. निष्कर्ष २०१३-१४ मध्ये प्रसिद्ध झाले. आवारातच मिळालेली आणखी दोन हाडे त्याच वेळी तपासली होती. त्यांची वंशरेषा भारतातली निघाली.

२०१७ मध्ये राणीचे अवशेष जॉर्जियात दर्शनासाठी नेले. पुढच्या वर्षी परत आणले. जुलै २०२१ मध्ये त्यातला एक भाग भारताने जॉर्जियाला कायमचा दिला. परराष्ट्रमंत्री तो घेऊन तिबिलिसीला गेले. राणी तिथे संत मानली जाते. विमानतळावर धर्मगुरू स्वागताला होते. मृत्यूनंतर ३९७ वर्षांनी ती आपल्या देशात कायमची पोचली, तीही थोडी.

खिडकीच्या जागी चिऱ्यांची नीट केलेली कड आहे.

चर्च आणि मठाचे हे भग्नावशेष संरक्षित आहेत. १९८६ मध्ये गोव्यातली चर्च आणि मठ जागतिक वारशाच्या यादीत गेले. सांत आगोस्तिन त्या यादीत आहे. फाटकापाशी पुरातत्त्व खात्याचा पाटी-दगड आहे. अवशेषांचे नुकसान करणाऱ्यास शिक्षा होईल असे त्यावर लिहिले आहे. पडझड थोपवण्यासाठी भिंतींचे माथे पक्के केले आहेत. गवत कापले जाते. पायवाटा आखल्या आहेत. पावसाळ्यात चिऱ्यांवर शेवाळ चढते आणि दिवाळीच्या सुमारास ते वाळून काळे होते. ज्या चिऱ्यांची भिंतीतली जागा सापडली नाही, ते बाजूला पडून आहेत. त्यांत काही नक्षीचे आहेत. खांबाचा तळ, कमानीचा तुकडा, एखादे दगडी पान.

इथे आता मिस्सा होत नाही. सकाळी फाटक उघडते, संध्याकाळी बंद होते. दिवसभरात छायाचित्रे काढली जातात. लग्न ठरलेली जोडपी छायाचित्रकार घेऊन येतात. मनोरा मागे येईल असे उभे राहतात. मनोरा पूर्ण मावण्यासाठी छायाचित्रकाराला बरेच मागे जावे लागते, थेट जिथे दर्शनी दारासमोरचे अंगण होते तिथवर.

चर्चच्या मधल्या भागात जमीन उघडी आहे. जमीन म्हणजे थडग्यांचे दगड. श्रीमंतांना, अधिकाऱ्यांना, त्यांच्या बायकांना चर्चच्या आत पुरत. वर सपाट शिळा बसवीत. शिळेवर घराण्याचे चिन्ह, कधी कवटी आणि दोन हाडे, खाली पोर्तुगीज अक्षरे. छत असताना या शिळांवर गुडघे टेकले जात. छत पडल्यावर त्या ढिगाऱ्याखाली गेल्या. ढिगारा काही ठिकाणी शतकाहून जास्त काळ तसाच राहिला. त्याखाली अक्षरे चांगली राहिली. ढिगारा उपसल्यावर शिळा पुन्हा उघड्या झाल्या. आता त्यांवर पाऊस पडतो, आणि त्यांवरूनच चालत पुढे जावे लागते. दुसरी वाट नाही.

शिळांवरची वाक्ये एका साच्याची असतात. आधी ‘सेपुल्तुरा द’, म्हणजे अमुकाची कबर. मग नाव, हुद्दा, वर्ष. शेवटी ‘ए द सेउस एर्देइरूस’, आणि त्याच्या वारसांची. मधला भाग पायांखाली जास्त येतो. काही शिळांवर नाव गेले आहे. पहिला शब्द वाचता येतो, आणि शेवटी वारस.